येसूची चांदणी

दिवाळी अंकासाठी लेख मागायला आलेल्या संपादकांना माझ्याकडून मखरांविषयी काहीतरी हवं होतं. आमचं घराणं रत्नागिरीत गणपतीची मखरं आणि नवरानवरीची बाशिंगं करणारं, तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही. पण मखरांचा धंदा पुढे चालवला तो माझ्या थोरल्या भावानं. मी माझी उमेदीची वर्षं घालवली ती नाताळच्या झाडाला टांगायच्या वस्तू मुलांकडून करून घेण्यात. दिवाळी अंकात नाताळ म्हणजे फराळाच्या ताटात केक वाढल्यासारखं होईल, असं मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "वाढा." म्हणून वाढतो आहे.

एकोणीसशे वीस साल उलटून गेल्यावरची ही हकीकत. गावाबाहेर टेकडीवर मिशनचं मुलांचं घर होतं. तिथे मी हस्तव्यवसायाचा मास्तर होतो. आईबाप नसलेली, किंवा असूनही ज्यांना ते सांभाळू शकत नाहीत, अशी पन्नासेक मुलं तिथे असायची. पावसाळाभर मी त्यांना चटया आणि टोपल्या विणायला शिकवायचो आणि त्याबद्दल कुणीही माझी आठवण काढत नसे. दिवाळी उलटली की मात्र माझा भाव वधारायचा. मुलं रस्त्यात गाठून विचारायची, "मास्तर, यंदा काय करायचं?"

ही नोकरी मला मिळाली तीही मखरामुळेच. एका गणपतीत तिथल्या मड्डम आमच्या दुकानी मखरं पाहायला आल्या. उंच, हाडकुळ्या, डोक्यावर भलीमोठी सोलाची टोपी. त्या मराठी शिकल्या होत्या पोथ्यापुस्तकांतून, त्यामुळे त्यांचं बोलणं कीर्तनकारासारखं वाटायचं. भेंडाचं एक फूल हातात घेऊन त्या वडिलांना म्हणाल्या, "हे पुष्प वृक्षावर टांगता येईल काय?" वडील म्हणाले, "टांगायला काय, टांगाल तिथे राहील." आठ दिवसांत माझी नेमणूक झाली. मी बाटेन अशी घरच्यांना धास्ती होती. पहिल्या दिवशी निघताना वडिलांनी बजावलं, "खळ शिकव, कात्री शिकव, पण बाबा, तू काही शिकून येऊ नकोस."

बाहेरच्या माणसाला या कामाची कल्पना यावी म्हणून थोडं सांगतो. भेंड म्हणजे तळ्याच्या पाण्यात वाढणाऱ्या एका झाडाच्या काड्या. साल काढली की आत पांढराशुभ्र, हलका गाभा निघतो. पात्यानं तो केळीच्या सोपटासारखा सोलत गेलं की कागदासारखा पदर सुटतो आणि त्याची फुलं, पाखरं, जे मनात येईल ते होतं. त्यावर लावायला बेगड, म्हणजे चकचकीत वर्खाचा कागद. चिकटवायला मैद्याची खळ. आमच्या दुकानात खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे तिला कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी, आणि मुलांची एक खोड मला पहिल्याच आठवड्यात कळली. ती खळ खायची. बोटाला लागलेली चाटायची, आणि माझी पाठ वळली की वाटीतली. म्हणून मी मोरचूद बंद केला. मग ती खळ मुलांऐवजी झुरळं खायला लागली आणि डब्यात जपून ठेवलेल्या वस्तू पुढल्या नाताळला उघडाव्यात तर पाखरांना पंख नाहीत आणि फुलांना पाकळ्या नाहीत. मड्डमना हळहळ वाटायची. मला मनातून बरं वाटायचं, कारण त्यामुळे दर वर्षी सगळं नव्यानं करावं लागे.

मड्डमच्या देशात असतो तसला वृक्ष रत्नागिरीत कुठून यायचा! आम्ही किनाऱ्यावरच्या सुरूची मोठी फांदी आणून मातीच्या कुंडीत रोवायचो. गोळे हवेत, तर उंडीची सुकलेली फळं बेगडीत गुंडाळायचो. बर्फ हवा, तर जुन्या उशीतला सावरीचा कापूस काढायचो. पहिल्या वर्षी तो कापूस फांद्यांवर पसरला तेव्हा मुलं झाडाभोवती गंभीर चेहऱ्यानं उभी राहिली. अखेर एकानं मला विचारलं, "मास्तर, झाडास काय रोग पडलाय?"

अशा गमती पुष्कळ सांगता येतील. पण खरं सांगायचं तर त्या काळाची आठवण निघाली की मला एकच पोर दिसतं, आणि बाकी सगळं तिच्या मागे उभं राहतं.

तिचं नाव यशोदा. घरी तिला येसू म्हणत. ती पूर्णगडची. आई गेलेली. बाप, रामा, मोठ्या जहाजावर खलाशी होता. त्याला दूरच्या सफरीवर जायचं होतं आणि पोरीला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यानं तिला टेकडीवर आणून सोडलं. जाताना तो तिला एवढंच म्हणाला, "नाताळास येतो गो." कुठल्या वर्षीच्या, ते त्यानं सांगितलं नाही. जहाजावर राहून त्या लोकांना तारखा अशा सणांवरूनच ठाऊक असत. येसू तेव्हा पाचसहा वर्षांची असेल. ती आली तेव्हा आमची नाताळची तयारी ऐन रंगात आली होती.

आता आमच्याकडच्या बोलीत 'श' फारसा टिकत नाही, हे वाचकांना ठाऊक असेल. मड्डम येशू म्हणायच्या. मुलं येसू म्हणायची. त्यामुळे झालं असं, की ही पोर नव्या जागी आली, बावरून कोपऱ्यात बसली, आणि पाहते तो काय, जो तो म्हणतोय, येसूचा जन्मदिवस आलाय, येसूसाठी झाड सजवायचंय, येसूची गाणी पाठ करा. तासाभरात तिची भीड चेपली. दुसऱ्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून मुलांमधून फिरत होती. एका मुलाच्या पाखराची चोच वाकडी झाली होती. ती त्याला म्हणाली, "नीट कर की रे. माझ्यासाठी हाय ना?"

मला प्रथम काही कळेना. कळलं तेव्हा हसूही येईना. मोठी मुलं तिला चिडवतील या भीतीनं मी त्यांना बाजूला घेऊन दम भरला. मड्डमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "या वर्षी असू द्यावे. बालकाला वाटते आहे, तर प्रभूस राग येणार नाही."

नाताळच्या प्रार्थनेत येसूचं नाव आलं की ही उठून उभी राहायची आणि गाणं संपलं की मान लववून खाली बसायची. येशूचा जन्म गोठ्यातला म्हणून मांडलेल्या गव्हाणीतल्या बाहुल्याला पाहून तिनं शेजारणीला सांगितलं, "माझी आवस पण गोठ्याकडच्या पडवीतच बाळंत झाली." तिच्या हिशेबात सगळं चोख बसत होतं. फक्त बाप आला नाही. संध्याकाळपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली. तिला वाटलं, एवढी माणसं माझ्यासाठी जमली, मग बाबाच कसा चुकेल?

वर्षभरात तिला हळूहळू उमज पडली. तो येसू वेगळा आणि आपण वेगळ्या, हे तिला कळलं. पण हा दिवस तिनं सोडला नाही. म्हणायची, "त्याचा नि माझा एकाच दिवशी." तिची आई गेलेली, बाप समुद्रावर, जन्माची तिथी कुणाला ठाऊक? कोण कशाला वाद घालील?

त्या पावसाळ्यात मुलांच्या घरात गोवराची साथ आली. आजारी मुलांना वेगळं ठेवायला जागा पुरेना. माझं बिऱ्हाड टेकडीच्या पायथ्याशी होतं. मड्डमनी विचारलं, एखादं मूल तुमच्याकडे राहील काय? मी येसूला घोंगडीत गुंडाळून घरी आणलं.

माझी बायको सुभद्रा हिच्याविषयी इथे सांगायला हवं. आमची दोन मुलं जन्मतःच गेली होती. त्यानंतर काही झालं नाही. आम्ही त्याविषयी बोलत नसू. ती दुसऱ्यांची मुलं मांडीवर घेत नसे, बारशाला जात नसे, माझ्या शाळेतल्या मुलांची नावंसुद्धा विचारत नसे. त्या संध्याकाळी तिनं येसूच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाली, "उभे काय राहिलात? पाणी तापवा." मग पंधरा-वीस दिवस मला त्या घरात कुणी विचारलं नाही. पेज कोणी शिजवायची, कडुनिंबाचा पाला कोणी आणायचा, याचे हुकूम तेवढे सुटत. बरी होता होता येसू सुभद्राला 'काकी' म्हणायला लागली, आणि एकदा मी घरी आलो तर ही मागीलदारी गुणगुणत होती. लग्न झाल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

येसू बरी होऊन परत टेकडीवर गेली, पण दर रविवारी ती आमच्याकडे येऊ लागली. नंतर नंतर आम्ही दोघं रविवारचीच वाट पाहू लागलो. शेवटी सुभद्रा म्हणाली, "तुमच्या मड्डमना विचारा ना. बाप काही येत नाही तिचा." मी विचारलं. वर्ष होत आलं तरी बापाचा निरोप नव्हता. जहाजावरचा माणूस, काय झालं असेल कुणी सांगावं? मड्डमनी बापाच्या माघारी तिचा बाप्तिस्मा केला नव्हता, त्या बाबतीत त्या फार कडक होत्या. त्या म्हणाल्या, "त्याने नाताळचे वचन दिले होते. आणखी एक नाताळ जाऊ द्यावा. तोवर तो न आला, तर कन्या तुमची. वरिष्ठांस काय सांगायचे ते मी पाहीन."

मी घरी येऊन हे सांगितलं. सुभद्रानं देवापुढे दिवा लावला. कशासाठी लावला हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कारण मीही मनात तेच मागत होतो. बाप सुखरूप असावा, पण येऊ नये.

आणि अशा वेळी दुसऱ्या नाताळची तयारी सुरू झाली.

त्या वर्षी देवदूत करायचं काम येसूकडे होतं. तिनं भेंडाचा देवदूत केला, पंख लावले, गौरीसारखे डोळे रंगवले आणि बेगडीचे मणी जोडून त्याला नथ घातली. मड्डम पाहायला आल्या. "हा कोण?" "देवदूत." "मग याने नथ का घातली आहे?" येसू म्हणाली, "सणाला बोडक्या नाकानं कसं यायचं?" मड्डम हसल्या, आणि तो देवदूत झाडाच्या सगळ्यात वरच्या फांदीवर गेला.

पण तिचं लक्ष देवदूतात नव्हतं. मड्डमनी मुलांना गोष्ट सांगितली होती, की परदेशच्या राजांना आकाशात चांदणी दिसली आणि तिच्या मागोमाग ते बाळापर्यंत पोहोचले. सगळ्या मुलांनी ती गोष्ट ऐकली आणि सोडून दिली. येसू दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, गेल्या नाताळास आपण चांदणी कुठं लावली होती?"

"झाडाला. बारकीशी."

"खोलीत?"

"हो."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की एवढ्या मोठ्या माणसाला एवढं कळू नये? "मग बाबास कशी दिसणार हो? तो दर्यावर ना?"

मी हातातली कात्री खाली ठेवली. ती म्हणाली, "मोठी करूया. समुद्राच्या बाजूस लावूया."

आम्ही करायला घेतली. करणं भाग होतं. दिवाळीचा आकाशकंदील करतात तेच काम, फक्त आकार चांदणीचा. चिव्याच्या बांबूच्या कामट्या रात्रभर पाण्यात ठेवायच्या, पेरं तासायची, पाच कामट्यांची एक चांदणी बांधायची, तशीच दुसरी, मग टोकाला टोक जोडायचं आणि मधे आडव्या काड्या घालून पोट फुगवायचं. त्या पोटात दिवा. येसूची उंची माझ्या कमरेएवढी आणि चांदणी तिच्याहून मोठी. मुलं कामट्या धरायची, ती काथ्या आवळायची. गाठ आवळताना जीभ बाहेर काढायची तिला सवय होती.

मग कागद लावायची वेळ आली. मुलांना तांबडा हवा होता. तांबडा पतंगी कागद दिसायला देखणा, त्यानं नाताळला शोभा यावी असा. सगळी ओरडायला लागली, तांबडा, तांबडा. येसूनं मला विचारलं, "मास्तर, लांबनं कुठचा दिसेल?"

आम्ही मखरवाले लोक. उजेड कुठल्या कागदातून किती बाहेर पडतो, हे आम्हाला दूधपित्या वयापासून माहीत. तांबडा कागद उजेड पिऊन टाकतो. टेकडीच्या उतारापलीकडे त्याचा नुसता डाग दिसला असता. मी तांबडा म्हटलं असतं तर सगळी मुलं खूश झाली असती, आणि येसूही, कारण तिचा माझ्या शब्दावर विश्वास होता. तोंडापर्यंत आलेला तो शब्द मला आजही आठवतो.

मी म्हटलं, "पांढरा. आणि वरून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा."

तसाच केला. तेलानं कागद काचेसारखा झाला. स्वयंपाकघरातला सगळ्यात मोठा कंदील आत बसवला आणि आवाराच्या टोकाला, जिथून खाली सगळा समुद्र दिसतो, तिथल्या माडावर दोरखंडानं चढवला. अंधार पडला तेव्हा ती अशी उजळली की मुलं जेवायचं विसरली. त्याआधी आणि त्यानंतर मी पुष्कळ मखरं केली, बक्षिसंही मिळवली, पण त्या चांदणीइतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नाही. मला तिचा अभिमान वाटत होता आणि ती तिथून खाली उतरवावी असंही वाटत होतं.

सुभद्रा आमच्या अंगणातून ती पाहत होती. म्हणाली, "तुम्ही केलीत?"

"मुलांनी केली."

"फार लांबवर दिसते हो," ती म्हणाली आणि आत गेली.

दोन दिवसांनी बंदरावरचा एक शिपाई टेकडी चढून आला. घामाघूम झालेला, वैतागलेला. "मास्तर, ही काय भानगड लावलीत? मासेमारीवाले इचारतायत, दीपगृह हलवलंनी काय! एक तर होडी भलतीकडेच घेऊन चालला होता."

मी त्याची समजूत घालतो आहे तोच येसू मधे शिरली. "समुद्रातनं दिसते?"

"दिसते म्हणजे? डोळ्यांत जाते बाय!"

ती जी पळत सुटली ती घरभर सांगत. दिसते, समुद्रातनं दिसते! शिपायाला कळेना की आपल्या तक्रारीनं ही पोरं नाचतायत का. त्याला मी सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मग असूंदे वायच. मी सांगतो त्यांना, नाताळ हाय म्हणून."

नाताळ आला. गाणी झाली, केक झाला, प्रत्येक मुलाला झाडावरची एक वस्तू मिळाली. येसू फाटकाशी होती. मी तिला तीनदा आत बोलावलं आणि तीनदा ती "येते हां" म्हणाली आणि तिथेच राहिली. दिवेलागणीला तिनं मला कंदिलात तेल घालायला लावलं. रामा आला नाही.

मड्डमनी ठरल्याप्रमाणे शब्द पाळला. चांदणी राजांच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठेवायची त्यांची रीत होती. त्या म्हणाल्या, ती उतरवली की मी कन्येशी बोलेन. सुभद्रानं हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी शेजारणीकडून लहान मुलीच्या परकराचं माप कसं घेतात ते विचारून आली. मी बाजारातून लाकडी बुडकुली, म्हणजे खेळातली भांडी, आणली. दुकानदारानं विचारलं, "घरात कोण लहान?" मी म्हटलं, "मुलगी आहे." आयुष्यात हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले होते.

चांदणी उतरवायला एक दिवस उरला असेल. भर दुपारी, मुलं जेवून झोपली होती तेव्हा, फाटकातून एक माणूस लंगडत आत आला. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेली, काखेत पत्र्याची पेटी. मी त्याला ओळखलं नाही, पण कोण ते मला कळलं.

"मास्तर, आयलो वो," तो म्हणाला, जसा काही कालच भेटला होता. "जहाजाच्या शिडीवरनं पडलो. पाय मोडला माझा. लांबच्या बंदरात इस्पितळात टाकलंनी, तिथं ना कोण आपलं बोलणारा, ना लिहिणारा. येसू बरी हाय ना?"

ती नाही असं कुणी सांगेल की काय, या भीतीनं तो टेकडी चढून आला होता. मी म्हटलं, "बरी आहे. उत्तम आहे." हे म्हणताना माझी अवस्था काय झाली ते लिहीत नाही.

येसू झोपेतून उठून आली. तिनं त्याला पाहिलं आणि ती धावली नाही, रडली नाही. त्याचा हात धरून ती त्याला सरळ माडाखाली घेऊन गेली. भर उन्हात, वर ती चांदणी लटकत होती, दिवा नसलेली, तेलानं डागळलेली, एका बाजूनं फाटलेली.

"बाबा, ही दिसली ना?"

रामानं वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तो मुंबईहून आगबोटीनं दिवसाढवळ्या उतरला होता. 'हो म्हण' अशा अर्थानं मी मान डोलावली.

"दिसली तर," तो म्हणाला. "मग आयलो कसा गो?"

तेव्हा ती रडली.

मड्डमनी त्याला ऑफिसात बसवून विचारलं, पोरीला शिक्षणासाठी इथेच ठेवायचं आहे का? त्यांनी माझ्यासाठी विचारलं हे मला समजलं. रामा म्हणाला, "मड्डम, तुमचे उपकार हायत. पण माझं एकच पोर हाय. बहीण माझी पूर्णगडास येऊन राहिलीय, ती बघेल. मी आता मचव्यावर जाईन, लांब नाय जायचा." यावर कोण काय बोलणार? त्याचं बरोबर होतं. मी तिथेच उभा होतो, आणि त्याचं बरोबर आहे हे मला त्या क्षणी मुळीच सहन होत नव्हतं.

निघायच्या सकाळी सुभद्रानं येसूला घरी बोलावून न्हाऊ घातलं, तेल लावून दोन वेण्या घातल्या, पोटभर जेवायला वाढलं. मग ती मला म्हणाली, "तुम्ही जा तरीपर्यंत. मी येत नाही." तरी म्हणजे आमच्या भाट्याच्या खाडीवरची होडी. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, पूर्णगडाकडे जायचं तर होडीनंच पलीकडे जावं लागे. सुभद्रानं येसूच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि मागीलदारी निघून गेली.

खाडीपाशी माणसांची गर्दी होती, कोंबड्यांच्या टोपल्या होत्या, एक बकरी चढत नव्हती. रामानं येसूला उचलून होडीत ठेवलं. ती काठाला धरून बसली, होडीत बसल्याच्या आनंदात, पाण्यात हात घालावा की न घालावा अशा विचारात. मग तिला माझी आठवण झाली. ती म्हणाली, "मास्तर, मी जाते."

मी म्हटलं, "जाते म्हणू नये बाय. येते म्हणावं."

तिनं विचार केला. फार प्रामाणिक पोर होती.

"पण मी येणार नाय ना," ती म्हणाली.

रामा ओशाळला. "म्हण गो, मास्तर सांगतायत तर!" पण तेवढ्यात तांडेलानं होडी लोटली, बकरी ओरडली, कुणाची तरी टोपली कलंडली आणि येसूचं लक्ष तिकडे गेलं. पलीकडच्या तीरावर ती बापाच्या खांद्यावर बसलेली मला दिसली. नंतर वाळूच्या चढावर दिसेनाशी झाली. ती परत कधी आली नाही.

मी घरी आलो तेव्हा सुभद्रा तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मग सूप खाली ठेवून तिनं विचारलं, "काय म्हणाली जाताना?"

"येते म्हणाली," मी सांगितलं.

त्यानंतर किती तरी वर्षं दाराशी कुणाची चाहूल लागली की सुभद्रा हातातलं काम टाकून उठायची. मी तिला उठू द्यायचो.